नावाचे पोटभाडेकरू

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी जुने सार्वजनिक वाचनालय आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथल्या दोन शिक्षकांनी आणि त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने वाचनालयाचे संकेतस्थळ उभे केले. दुर्मीळ पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेत कोण कधी बोलले याची नोंद, दगडी इमारतीचे छायाचित्र. अभ्यासकांना ते उपयोगी पडू लागले. काही महाविद्यालयांनी आपापल्या पानांवर त्याचे दुवे दिले. गेल्या महिन्यात आम्ही तोच पत्ता उघडला. दगडी इमारत जागेवर होती. तिच्याखाली ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती होत्या आणि पाच मिनिटांत कर्ज देऊ म्हणणाऱ्यांचे दुवे होते. घडले ते इतकेच, की डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, त्या विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर नोंदवलेले होते. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, ईमेल बदलला, नूतनीकरणाच्या सूचना कुणीही न उघडणाऱ्या पेटीत साचत राहिल्या. हजारभर रुपये भरायचे राहून गेले आणि संस्थेचे नाव बाजारात आले.

ज्याने ते उचलले त्याला वाचनालयाशी काही देणेघेणे नव्हते. त्याला हवे होते ते दुवे. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगलची मांडणी केली ती एका साध्या कल्पनेवर. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात आणि बोट दाखवणारी पाने कोणत्या योग्यतेची आहेत, यावरून त्या पानाचे वजन ठरवायचे. पुढे इतर अनेक निकष आले, पण हा पाया सुटला नाही. चार भली माणसे ज्याला ओळखतात त्याला गावात उधारी मिळते, तसाच हा व्यवहार. फरक असा की गावात दुकानाचा मालक बदललेला सगळ्यांना कळतो. इंटरनेटवर पाटी तीच राहते आणि जुन्या ओळखीवर नवा माणूस उधारी उचलत राहतो. 'डॉट कॉम'सारखे नाव रद्द झाले की मूळ धारकाला दंड भरून ते सोडवण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर पाच दिवसांत ते सर्वांसाठी खुले होते. त्या क्षणासाठी संगणक लावून बसलेल्यांचा जगभर मोठा धंदा आहे आणि कोणत्या नावाला किती चांगले दुवे आहेत याच्या याद्या त्यांच्याकडे तयार असतात.

या धंद्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील 'द हेअरपिन' या संकेतस्थळाचे. २०१० मध्ये सुरू झालेले, स्त्रियांनी लिहिलेल्या उत्तम गद्यासाठी नावाजलेले हे प्रकाशन २०१८ मध्ये बंद पडले. पुढे नावाची मुदत संपली आणि सर्बियातील एका डीजेने ते विकत घेतले. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून भराभर लिहून घेतलेल्या मजकुराने त्याने ते भरून टाकले. 'वायर्ड' नियतकालिकाने २०२४ च्या आरंभी त्याला गाठले तेव्हा आपल्याकडे अशी दोन हजारांहून अधिक संकेतस्थळे असल्याचे त्याने सांगितले. जुने काही लोकप्रिय लेख त्याने ठेवले होते, कारण त्यांच्यावर वाचक येत होते. त्या लेखांवरची लेखिकांची नावे मात्र काढली आणि तिथे पुरुषांची नावे घातली. वाक्ये त्याच बाईची, शब्द तिने रात्री जागून शोधलेले, आणि खाली सही कुणा अस्तित्वात नसलेल्या बुवाची. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे असे आपण म्हणतो, पण इथे लेखिका जिवंत आहेत आणि आपल्या डोळ्यांनी हे पाहत आहेत. याच माणसाच्या हाती हाँगकाँगच्या 'ॲपल डेली'चेही एक नाव लागले. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली मालमत्ता गोठवली गेल्याने जे लोकशाहीवादी वृत्तपत्र २४ जून २०२१ रोजी शेवटचे छापले गेले, ज्याचे संस्थापक जिमी लाय तुरुंगात गेले, त्याच्या नावावर आता क्लिकची कमाई. वृत्तपत्र बंद पाडले एकाने, त्याचे नाव विटाळले दुसऱ्याने.

हे परदेशातले, आपल्याला काय, असे कुणी म्हणू नये. मे २०२४ मध्ये 'टेकक्रंच' या वृत्तसंकेतस्थळाने दाखवून दिले की 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपणारे सुमारे चार डझन दुवे वाचकाला थेट सट्टेबाजीच्या संकेतस्थळांवर नेऊन सोडत होते. बिहार, कर्नाटक, केरळ, मिझोराम, तेलंगणा आणि आपल्या शेजारचा गोवा या राज्यांच्या सरकारी पत्त्यांचा त्यात समावेश होता. पोलीस खाते आणि मालमत्ता कर विभाग यांची पानेही त्यातून सुटली नव्हती. असे प्रकार दोन वाटांनी होतात. एखादे खाते अभियानासाठी वेगळे संकेतस्थळ काढते, ते कुठल्या तरी भाड्याच्या सर्व्हरला जोडते, अभियान संपते, कंत्राट संपते, सर्व्हर सोडला जातो, पण त्याकडे बोट दाखवणारी नोंद कुणी पुसत नाही. मग रिकामा झालेला तो सर्व्हर दुसराच कुणी आपल्या नावे घेतो. किंवा वर्षानुवर्षे न सुधारलेल्या जुन्या प्रणालीतल्या भोकातून हवी ती पाने आत सरकवली जातात. दोन्हीकडे पहिल्या पानावर मंत्रिमहोदयांचे छायाचित्र व्यवस्थित दिसत असते, म्हणून कार्यालयात कुणाला काही कळत नाही.

यात सर्वांत मोठा अपराध कोणता? सायबर पोलीस लोकांना सांगतात, पत्ता नीट पाहा, सरकारी आहे ना याची खात्री करा, मगच पुढे जा. ज्या नागरिकाने हा सल्ला तंतोतंत पाळला, नेमका तोच इथे फसतो. घरपट्टीची पावती शोधणाऱ्या निवृत्त शिक्षकाने पत्ता वाचला, शेवटी सरकारी खूण पाहिली आणि विश्वास ठेवला. त्याची चूक काहीच नाही. ज्यांनी आपली नोंद उघडी टाकली ते अधिकारी आणि त्यांचे कंत्राटदार यांच्यावर याची जबाबदारी आहे आणि ती नावानिशी ठरली पाहिजे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे ओळखले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव नाव जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाणे बंधनकारक केले. ते नाव बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. राखीव नावही उघडे टाकले तर उपयोगाचे नाही, हे वरच्या सरकारी उदाहरणावरून दिसते. पण मुदत संपली म्हणून ते जुगाऱ्याच्या हाती पडणार नाही, एवढी हमी तरी मिळते.

आता आमच्याच घराविषयी. ज्या प्रकाशनांची नावे गेलेली नाहीत, त्यांच्यातील काहींनी ती आपणहून भाड्याने दिली. आपल्या संकेतस्थळाचा एक कोपरा त्रयस्थ कंपनीला द्यायचा, तिने तिथे सवलतीची कूपने किंवा वस्तूंची 'परीक्षणे' टाकायची, वृत्तपत्राच्या नावामुळे ती शोधात वर यायची आणि पैसे वाटून घ्यायचे. मुंबईकराला पोटभाडेकरू ठेवण्याचा हा व्यवहार समजावून सांगायला नको. १९५४ पासून चालत आलेल्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या संकेतस्थळावर अशाच एका त्रयस्थ कंपनीची परीक्षणे छापली जात. त्यांच्या लेखकांची छायाचित्रे संगणकाने बनवलेली होती, ती माणसे अस्तित्वातच नव्हती, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये 'फ्युचरिझम' या संकेतस्थळाने उघड केले. मार्च २०२४ मध्ये गूगलने मुदत संपलेल्या नावांचा गैरवापर, घाऊक मजकूर आणि नावाची अशी पोटभाडेकरी या तिन्हींवर बंदी घातली. मे महिन्यापासून कारवाई सुरू झाली तेव्हा अनेक नामवंत वृत्तसमूहांची कूपनांची पाने शोधातून गायब झाली. प्रकाशकांनी उत्पन्न बुडाल्याची तक्रार केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने या धोरणाची चौकशी सुरू केली. एकाच कंपनीने नियम करावा, तिनेच निवाडा द्यावा आणि जाहिरातीचा पैसाही तिच्याकडेच जावा, ही व्यवस्था योग्य नाही आणि चौकशी व्हायलाच हवी. परंतु वाचकाने बातमीसाठी दिलेला विश्वास कूपनवाल्याला भाड्याने देण्याचा हक्क कोणत्याही वृत्तपत्राला नाही. उत्पन्नाची तंगी आम्हालाही ठाऊक आहे, तरीही हेच आमचे मत आहे.

कायदा इथे कुठे आहे? १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या नावाशी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण असल्याचे स्पष्ट केले. दोन्ही निकाल महत्त्वाचे, पण दोन्हीकडे चालत्या व्यवसायांची भांडणे होती. ज्याचे व्यापारचिन्ह नाही, वकील नाही आणि ज्याने नाव स्वतःच्या हाताने सोडले, त्या वाचनालयाला, बंद पडलेल्या नियतकालिकाला किंवा दिवाळी अंकाला यातून फारसे काही मिळत नाही. म्हणून अशा संस्थांची नावे मुळातच कुणाच्या खासगी ईमेलवर असू नयेत. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि ग्रंथालय संचालनालय मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान देते. त्याच संचालनालयाने राखीव सरकारी नावाखाली प्रत्येक वाचनालयाला कायमचा पत्ता द्यावा, आणि त्याची देखभाल कुणाकडे हे आदेशात लिहावे. विद्यापीठांनी आणि साहित्य संस्थांनी बंद पडत्या नियतकालिकांची नावे अंकांसह सांभाळायला घ्यावीत. वर्षाला नावामागे हजारभर रुपयांचा हा खर्च आहे.

त्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी नव्या धारकाला पत्र लिहून नाव परत मागितले. उत्तरात डॉलरमधला एक आकडा आला, वाचनालयाच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीहून मोठा. त्यांनी नवे नाव घेतले आहे, एकदम दहा वर्षांसाठी आणि संस्थेच्या ईमेलवर. आता संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर ते जुना दुवा देणाऱ्या एकेका महाविद्यालयाला आणि अभ्यासकाला पत्र लिहीत आहेत, की कृपया तेवढा पत्ता बदला. आतापर्यंत तिघांनी बदलला आहे.