आसनाच्या आधीची पायरी

गेल्या 21 जूनला वाशीच्या उद्यानातील सामुदायिक योगासने आटोपून घरी आलो, तोच नातीने विचारले, "आजोबा, योग हिंदूंचा की आपला?" बँकेत उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला, परंतु या साध्या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. चार दिवस ग्रंथ चाळून तिला जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

हिंदू परंपरेत योगविचाराचे मूळ उपनिषदांत सापडते. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी मानले आहे. इंद्रियांचा स्थिर निग्रह म्हणजेच योग, असेही तेथे म्हटले आहे. भगवद्गीतेने त्याचे मार्ग उलगडून दाखविले. फळाची आसक्ती सोडून कर्तव्य करणे हा कर्मयोग, नित्य आणि अनित्य यांचा विवेक करून आत्मस्वरूप जाणणे हा ज्ञानयोग आणि सर्वस्व ईश्वरचरणी अर्पण करणे हा भक्तियोग. पतंजलींनी योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधाचे शास्त्र मांडले. त्यास पुढे राजयोग म्हणू लागले. हठयोगाची परंपरा नाथपंथाने जोपासली. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशा क्रमाने ती ज्ञानेश्वरांपर्यंत पोहोचली आणि शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन मराठीत अवतरले. आधुनिक काळात श्री योगेंद्रांनी 1918 मध्ये मुंबईत वेसावे येथे आणि स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योग सामान्य गृहस्थापर्यंत आणला.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. पतंजलींच्या आठ अंगांत आसनाचा क्रमांक तिसरा आहे. पहिले अंग यम. आणि यम म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह. ही नावे आपल्या घरातील बालकालाही पाठ असतात, कारण हीच आपली पाच व्रते होत. दोन्ही दर्शनांत भेद आहेतच. पतंजली ईश्वरप्रणिधान सांगतात. आपण सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही. तत्त्वार्थसूत्रात तर काया, वाचा आणि मन यांच्या क्रियेलाच योग म्हटले आहे व तिच्यामुळे कर्माचा आस्रव होतो, असे सांगितले आहे. तरीही आचार्य हरिभद्रसूरींनी योगदृष्टिसमुच्चयात आठ दृष्टी मांडताना अष्टांगयोगाशी त्यांचा मेळ घातला. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी योगशास्त्र रचले. त्यात गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले आहेत, त्यांतील पहिला गुण न्यायाने धन मिळविणे हा आहे. व्यापारी कुटुंबांसाठी योगाचा आरंभ सतरंजीवर नव्हे, तर पेढीवर होतो, असाच याचा अर्थ नव्हे काय?

हे लिहिताना स्वतःचा ताळेबंद लपविणे योग्य होणार नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने दुकानाच्या अडचणीत काही रक्कम उसनी मागितली होती. मुदतीपूर्वी ठेव मोडली तर व्याज बुडेल, म्हणून मी नकार दिला. त्या दिवशीही पहाटे मी नेमाने प्राणायाम केला होता. श्वास रोखता आला. लोभ रोखता आला नाही. तिसरे आणि चौथे अंग साधण्याच्या नादात पहिलेच अंग राहून गेले होते.

नातीला उत्तर दिले, त्याच रात्री भावाला फोन केला. त्याने केव्हाच दुसरीकडून सोय केली होती. तो मोकळेपणाने बोलला. मलाच शब्द सुचेनात. शेवटी क्षमा मागितली. त्यासाठी संवत्सरीची वाट पाहावी, असे वाटले नाही.

आसने मी आजही करतो. ती अवश्य करावीत. मात्र सतरंजी अंथरण्यापूर्वी कालच्या व्यवहारांवरून एकदा नजर फिरवितो. कोणाचे काही देणे राहिले आहे का, कोणाला विनाकारण नकार दिला का, हे पाहतो. ज्या दिवशी ही खाती नीट जुळतात, त्या दिवशी ध्यानात मन थोडे लवकर स्थिरावते, एवढा माझा अनुभव आहे.