पंचावन्न ते अठ्ठावन्न

31 ऑगस्ट 2024. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, ड्युरंड चषक फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत, आणि मध्यंतराला मोहन बागान 2-0 ने पुढे. 17 वेळा हा चषक जिंकलेला क्लब, मैदान घरचं, प्रेक्षकही घरचे. समोर गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. 2014 साली जन्मलेला, तोवर एकही करंडक नावावर नसलेला. टीव्ही बंद करून उठावं अशीच ती वेळ होती.

मी उठलो नाही, कारण चारच दिवसांपूर्वी याच मैदानावर उपांत्य सामन्यात बंगळूरुने बागानवर दोन गोल चढवले होते आणि बागानने ते फेडून सामना काढला होता. दोन गोलांची आघाडी या मैदानावर टिकतेच असं नाही, हे खुद्द बागाननेच दाखवलं होतं.

55व्या मिनिटाला मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजारायने एक गोल फेडला. 58व्या मिनिटाला स्पेनच्या गिलेर्मोने दुसरा. तीन मिनिटांत सगळा हिशेब चुकता.

मग पेनल्टी शूटआउट. तिथे खरं तर बागानचंच पारडं जड होतं. उपांत्यपूर्व आणि उपांत्य, दोन्ही सामने त्यांनी शूटआउटमध्येच जिंकले होते, ते गोलरक्षक विशाल कैथच्या जिवावर. त्या दिवशी मात्र दुसऱ्या टोकाचा गुरमीत सिंग भिंतीसारखा उभा राहिला. आधी त्याने आपल्या गोव्याच्या लिस्टन कुलासोचा फटका अडवला, मग बागानचा कर्णधार सुभाशिष बोसचा. 4-3. लिस्टनसाठी जीव हळहळला, तरी गुरमीतकडे धावत सुटलेल्या त्या पोरांवरून नजर हटेना.

या विजयाचं मोल कळायला 2022-23चा मोसम आठवावा लागतो. इंडियन सुपर लीगमध्ये 20 सामने, पदरात 5 गुण, तळाचं स्थान. अशा संघाची सूत्रं प्रशिक्षक हुआन पेद्रो बेनाली यांनी हाती घेतली, आणि दुसऱ्याच मोसमात हा चषक आला.

मला हा विजय एवढा जवळचा वाटतो, त्याचं कारण मैदानाबाहेरचं आहे. मणिपूर, मिझोराम, मेघालयाची मुलं वर्षानुवर्षं देशभरच्या क्लबांची मधली फळी सांभाळत आली. पळायचं त्यांनी, आणि करंडक जायचे बहुतेक कोलकात्याच्या नाहीतर गोव्याच्या कपाटात. 2017 मध्ये मिझोरामच्या ऐजॉलने आय-लीग जिंकली, तो मोठा अपवाद. कुणी म्हणेल, गोल तर परदेशी खेळाडूंनी केले. केले, पण ज्या जर्सीत केले तिच्यावर अख्ख्या ईशान्येचं नाव आहे. 1888 साली सिमल्यात सुरू झालेल्या, आशियातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत ते नाव आता कायमचं आहे.

पुढच्या वर्षी, 2025च्या ऑगस्टमध्ये, हाच संघ चषक राखायला त्याच मैदानावर उतरला. समोर डायमंड हार्बर होता, पहिल्यांदाच ड्युरंड खेळणारा, उपांत्य फेरीत ईस्ट बंगालला हरवून आलेला. नॉर्थईस्टने त्यांचा 6-1 असा धुव्वा उडवला. त्या संध्याकाळी मी डायमंड हार्बरच्या बाजूने होतो.