दुसरी डिस्क कशासाठी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. जुन्या पण धडधाकट अशा पुष्कळ संगणकांवर ‘विंडोज ११’ चालत नाही. तेव्हा अशा संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसवून तिच्यावर लिनक्स घालावे, ही सूचना रास्तच आहे. संगणक सुरू करताना हवी ती प्रणाली निवडायची. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

एकाच डिस्कचे भाग पाडूनही हे करता येते. पण भाग पाडताना चूक झाली तर सारेच पुसले जाण्याची भीती असते. डिस्क दोन असल्या, तर संगणक बंद करून विंडोजच्या डिस्कची वायर काढावी आणि मग लिनक्स घालावे. म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर त्याच्या स्वतःच्या डिस्कवर बसतो. पुढे एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवरून संगणक सुरू होतो.

पण संगणक सुरू होणे वेगळे आणि माहिती वाचणे वेगळे! येथेच पुष्कळांची गल्लत होते. एकाच पेटीतल्या दोन डिस्कांवर तीच फाइल ठेवणे, म्हणजे खरेदीखत आणि त्याची नक्कल एकाच ट्रंकेत ठेवण्यासारखे आहे. वीज कडाडली, चोरी झाली किंवा व्हायरस शिरला, की दोन्ही एकदमच जायची.

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत होता. एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट घेतलाच जात नव्हता, हे तेव्हा उघडकीस आले. अखेर गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीने काम वाचवले. प्रत दुसऱ्या जागी हवी आणि अधूनमधून उघडून पाहिलेली हवी, हे दोन धडे त्यातून मिळतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शाळेपाशी एकाच जादा डिस्कपुरते पैसे असतील, तर पहिला मान बॅकअपचा. ती डिस्क बाहेरून जोडता येणारी घ्यावी, आठवड्यातून एकदा प्रत घ्यावी आणि लगेच काढून दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवावी. ड्युअल बूटसाठी पुढच्या वर्षी दुसरी घेता येईल.

विंडोज किंवा लिनक्स पुन्हा केव्हाही घालता येते. पण तुम्ही तीन वर्षे रोज सकाळी पर्जन्यमापकावरून टिपलेले आकडे गेले, तर तो पाऊस पुन्हा कोण मोजणार? तहान लागल्यावर विहीर खणू नये. प्रत आजच घ्या!