वहीवरील फिर्याद

अमेरिकेतील लॅटिना मुली, म्हणजे मेक्सिको, पोर्टो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक आदी स्पॅनिशभाषी मुलखांशी ज्यांच्या घराण्यांचे नाते आहे अशा मुली, आपल्याच समाजातील लेखिका वाचतात आणि त्या वाचनातून स्वतःच्या वह्या भरू लागतात, याविरुद्ध एक फिर्याद वारंवार ऐकू येते. अशा वाचनाने राष्ट्र दुभंगते, मुली इंग्रजीला पारख्या होतात आणि ‘आपण कोण’ या नसत्या प्रश्नात त्यांचे अध्ययन बुडते, असे फिर्यादी म्हणतात. फिर्याद भारदस्त आहे. पुरावा मात्र तपासला पाहिजे, आणि सुदैवाने तो एका न्यायालयाने तपासलेला आहे.

ॲरिझोना राज्याने २०१० साली कायदा करून चार गोष्टी शाळांतून वर्ज्य ठरविल्या: सरकार उलथविण्याची शिकवण, एखाद्या वंशाविषयी वा वर्गाविषयी आकस, मुख्यतः एकाच जमातीसाठी आखलेला अभ्यास, आणि व्यक्तीऐवजी जमातीच्या एकजुटीचा पुरस्कार. नुसती कलमे वाचून कोण हरकत घेईल? परंतु कायद्याचा रोख टूसॉन शहरातील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रमावर होता. राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीच नेमलेल्या तपासनिसांनी २०११ मध्ये ‘कायद्याचा भंग आढळत नाही’ असा अहवाल दिला. तो बाजूस सारण्यात आला. अनुदानाचा दहावा हिस्सा रोखण्याची तंबी मिळताच जानेवारी २०१२ मध्ये शाळामंडळाने तो अभ्यासक्रम बंद केला आणि सात पुस्तके वर्गांतून उचलून खोक्यांत भरली. सँड्रा सिस्नेरोस, ग्लोरिया आन्झालदूआ यांचे लेखन जेथे वाचले जाई ते वर्गच उरले नाहीत.

विद्यार्थ्यांनी दावा लढविला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी निर्णय दिला की, हा कायदा करण्यामागे आणि राबविण्यामागे वंशद्वेष होता, आणि त्यामुळे राज्यघटनेच्या पहिल्या व चौदाव्या दुरुस्तीचा भंग झाला. (हे न्यायाधीश जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात बालपणी त्यांना ॲरिझोनातीलच एका छावणीत स्थानबद्ध राहावे लागले होते. कायद्याच्या पुस्तकात न लिहिलेला हा तपशील आम्हांस नोंदवावासा वाटतो.) राष्ट्र दुभंगविण्याचा आरोप ज्या मुलांवर होता ती घटनेचा आधार घेऊन न्यायालयात उभी राहिली, आणि घटना मोडल्याचा दोष राज्याच्या माथी आला.

‘सर्वांसाठी असलेले वाङ्मय वाचा’ असा उपदेश करणारांची आणखी एक गोष्ट ऐकावी. सिस्नेरोसबाईंचा जन्म १९५४ साली शिकागोत झाला; सहा भावांतील ही एकुलती बहीण. आयोवा विद्यापीठात लेखनाचे उच्च शिक्षण घेत असता वर्गात घर या विषयावर चर्चा निघाली: माळा, तळघर, जिने, बालपणीच्या आठवणींचे कोपरे. सहाध्यायी सहजपणे बोलत होते. बाईंच्या ध्यानात आले की, असले घर आपल्या वाट्याला कधी आलेच नाही. आपल्याजवळ आहेत त्या भाड्याच्या जागा आणि त्यांची लाज. मग जे दुसऱ्या कोणी लिहू शकणार नाही तेच आपण लिहायचे, असा त्यांनी निश्चय केला, आणि १९८४ साली ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीतच आहे. वर्गातील ते घर सर्वांचे मानले जात होते. ज्यांना माळा होता त्यांनीच ते तसे मानले होते, इतकेच.

आन्झालदूआबाई टेक्सासच्या दक्षिण टोकाच्या, सीमेवरच्या. शाळेच्या मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. पुढे त्या स्वतः शिक्षिका झाल्या आणि आपल्या समाजाचे लेखन वर्गात वाचू लागल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी मनाई केली. बाईंनी ते गुपचूप चालूच ठेवले. १९८७ च्या त्यांच्या ग्रंथात इंग्रजी व स्पॅनिश एकाच पानावर नांदतात. कोणी म्हणेल, स्पॅनिश तरी कोठली सोवळी? तीही जेत्यांचीच भाषा. हे बाईंना ठाऊक होते. म्हणून त्या मूळच्या नाहुआत्ल भाषेलाही साद घालतात. दोन भाषांच्या या मासिकाच्या वाचकांना अधिक सांगणे नलगे. १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी टाकून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले होते. ती मुदत कधीच संपली. कोकणी चालू आहे.

येथवर आमचे बहुतेक वाचक आमच्याशी सहमत असतील. परकीय सरकारावर टीका करणे सोपे असते. आता घरात या.

एलिझाबेथ असेवेडो यांनी मेरीलँडमध्ये शाळाशिक्षिका असताना एका विद्यार्थिनीचे बोलणे ऐकले: ही पुस्तके आमच्याविषयी नाहीत. त्यांची ‘द पोएट एक्स’ ही पद्यमय कादंबरी २०१८ साली आली व त्याच वर्षी तिला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला. तीत न्यू यॉर्कमधील डोमिनिकन घरची मुलगी वहीत कविता लिहिते, देवाविषयी शंका विचारते. वही आईच्या हाती पडते, आणि भाविक आई ती जाळून टाकते.

राज्याने खोक्यांत भरलेल्या पुस्तकांसाठी न्यायालय होते. या वहीसाठी कोठे दाद मागावी? आईचा हेतू शुद्ध होता, असे म्हणणारे महाजन व विश्वस्त आमच्यातही निघतील, तो होताही. परंतु आमच्याच संतवाङ्मयात देवाशी भांडणाऱ्या स्त्रियांची वाणी आपण उत्सवात गातो, आणि आपल्या मुलीने वहीत तसे लिहिले तर मात्र दप्तर झडती घेतो. ही दोन मापे आम्हांस मान्य नाहीत. त्या कादंबरीत मायलेकींना समोरासमोर बसविण्यास पुढे येतो तो आईच्याच चर्चचा पाद्री. धर्मरक्षणासाठी वही जाळली असे म्हणणारांनी त्या पाद्र्याला काय उत्तर द्यावयाचे ते ठरवावे.