हृदयाची लय आणि परिचारिकेचा अधिकार

इस्पितळात नवे यंत्र आले की फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. त्या यंत्रापाशी रात्रभर कोण बसणार, हे मात्र समारंभात कोणी विचारीत नाही. हृद्रोग कक्षात तर रुग्णाचे प्राण याच प्रश्नावर अवलंबून असतात.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय मोडून ते नुसतेच थरथरू लागण्याचे भय अधिक असते. तसे झाले की रक्ताभिसरण तत्क्षणी थांबते. छाती दाबण्याचा उपचार सुरू नसेल, तर विजेचा धक्का देण्यास लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. अशा वेळी डॉक्टरांना निरोप धाडून वाट पाहत राहणे परवडणारे नाही.

1961 साली डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून असे रुग्ण एकत्र ठेवावेत आणि त्यांच्या हृदयालेखावर अखंड नजर असावी, असे सुचविले. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर यांनी त्याच दशकात पुढचे धाडस केले. डॉक्टर येण्यापूर्वीच धक्का देण्याचा अधिकार त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती दिला. आमच्या मते हृद्रोग कक्षाचा खरा जन्म तेव्हा झाला. पडदे आणि तारा ही केवळ सामग्री.

शिवाय यंत्र सगळेच सांगते असे नाही. वरच्या कप्प्यांची लय विस्कटलेल्या रुग्णात हृदयाचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. म्हणून एका परिचारिकेने छातीवर आणि दुसरीने मनगटावर, एकाच वेळी, पूर्ण मिनिटभर ठोके मोजावे लागतात. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची पळवाट येथे घातक ठरते. यंत्राच्या घंटाही पुष्कळदा निष्कारण वाजतात: तार सुटते, रुग्ण कुशीवर वळतो. कान त्यांना सरावतात आणि एखादे वेळी खरी घंटाच निसटते. एकाच परिचारिकेवर अनेक खाटा सोपविल्या, तर तिला दोष कसा द्यावा?

काणकोण वा पेडण्याच्या रुग्णाची पहिली निर्णायक मिनिटे बांबोळीस पोचण्यापूर्वीच उलटून जातात. म्हणून तालुक्याच्या इस्पितळांतील परिचारिकांनाही हृदयालेख वाचण्याचे व धक्का देण्याचे शिक्षण नियमितपणे मिळावे, त्यासाठी लेखी स्थायी आदेश असावेत, आणि या कामात तयार झालेल्या परिचारिकेस नेहमीच्या बदल्यांच्या यादीतून वगळावे, अशी आमची आरोग्य खात्यास सूचना आहे. यंत्रखरेदीच्या पुढील प्रस्तावातच या प्रशिक्षणाचा खर्च धरण्यास अडचण नसावी.