हजेरीपटावर सगळे हजर

बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मी आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेट हातात घेतली. म्हणजे थेट परीक्षेच्या दिवशी. त्याआधी दोन वर्षं मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी होते, कॉलेजचं आयकार्ड होतं, आणि जर्नलमध्ये सगळे प्रयोग सुबक अक्षरात लिहिलेले होते. अक्षर माझंच होतं. प्रयोग कुणी केले होते ते माहीत नाही, कारण ती जर्नल एका बॅचकडून दुसरीकडे उतरत आलेली होती.

ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. थेंब पडला, गुलाबी रंग आला, आणि तो काही केल्या जाईना. अ‍ॅसिड आधी गरम करायचं असतं हे मला माहीत होतं. चार पर्याय दिले असते तर तीस सेकंदांत बरोबर गोल काळा केला असता. पण समोर फ्लास्क होता, पर्याय नव्हते. सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "टेन्शन घेऊ नको गं. रीडिंग फळ्यावर लिहिलेत, उतरवून घे."

मला ३० पैकी २९ मिळाले. एक मार्क कशाचा गेला याचं कुतूहल अजून आहे.

ज्यांनी अकरावी-बारावी 'टाय-अप'मध्ये केली त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: अ‍ॅडमिशन कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. कॉलेज तुमचं नाव पटावर ठेवतं, बोर्डाचा फॉर्म भरतं, हजेरी लावतं. क्लास सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत तुम्हाला नीटसाठी तयार करतो. आमच्या घरातून कॉलेजला गेले काही हजार आणि क्लासला सव्वा लाख. पप्पांनी दोन्ही पावत्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्यात. पैकी छोटी पावती कशाची होती, हे मी त्यांना आजवर नीट समजावू शकलेले नाही.

आता माझ्या रूम पार्टनरबद्दल. तिचं नाव सांगणार नाही. दहावीला तालुक्यात पहिली आलेली मुलगी. लातूरला आली तेव्हा पहिल्या टेस्टवरून 'ए' बॅचमध्ये बसली, गणपतीपर्यंत 'बी'त गेली, दिवाळीच्या आधी 'डी'त. यादी भिंतीवर लागायची आणि तोच फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जायचा. त्यामुळे तिच्या आईला तिच्या आधी कळायचं. तिला रोटेशनल मोशन समजत नव्हतं, एवढीच मूळ गोष्ट होती. एक धडा. डाउट काउंटरवर टोकन घ्यावं लागायचं, नंबर यायला तास जायचा, आणि तिथला दादा सॉल्व्ह करून दाखवायचा, पण शिकवायचा नाही. ती दोनदा गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तेच विचारायला लाज वाटते गं."

ती दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही. मेसचा डबा बंद केला, गादी भावाने नेली. क्लासमध्ये तिच्या जागी दुसरी मुलगी आली. आणि कॉलेजमध्ये? तिथे ती फेब्रुवारीपर्यंत हजर होती! फॉर्मवर सही घ्यायला गेले तेव्हा क्लार्कच्या टेबलावरचा हजेरीपट मी पाहिला. तिच्या नावापुढे सगळे 'पी'. माझ्याही नावापुढे सगळे 'पी'.

मुलांवरच्या ताणाविषयी बोलताना आपण पालकांच्या अपेक्षा, स्पर्धा, मोबाईल असं सगळं बोलतो. बोलावंच. पण हजेरीपटाबद्दल कुणी बोलत नाही. एखादं पोर यायचं बंद झालं, गप्प झालं, वहीत काही लिहीत नाही, हे सगळ्यांत आधी शिक्षकाला दिसतं, दिसायला हवं. त्यासाठी शिक्षकाला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. पोर समोर बसलेलं लागतं. आमच्या कॉलेजने रोजची हजेरी खोटी भरून स्वतःचे डोळेच काढून ठेवले होते.

आणि वर शिबिरं! दहा ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी आम्हाला खरोखर कॉलेजात बोलावलं होतं. वर्षातल्या मोजक्या फेऱ्यांपैकी ती एक. एका वक्त्याने दीड तास 'ताण हा मित्र आहे' असं समजावलं, डोळे मिटून श्वास घ्यायला लावला, फोटो काढले. रविवारी नेहमीप्रमाणे टेस्ट झाली. ताण आमच्या मनात आहे असं मानलं की तो वेळापत्रकात, भिंतीवरच्या यादीत आणि बंद प्रयोगशाळेत शोधावा लागत नाही, ही त्यातली सोय.

हे सरकारला माहीत नाही असंही नाही. २०१८ मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याचसाठी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि मार्कांवरून बॅचेस पाडणं शक्यतो टाळा. चांगलं आहे. पण माझ्या कॉलेजात उद्या समुपदेशक नेमला तर त्याच्या दारात कोण जाणार? मुलं क्लासमध्ये आहेत.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. माझे मामाही हेच म्हणतात: "क्लास नसते तर आपल्याकडची पोरं डॉक्टर झाली असती का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला डॉक्टर याच रस्त्याने आला. पण मामा एक गोष्ट विसरतात. 'लातूर पॅटर्न' हे नाव ज्यामुळे पडलं ते काम मुळात कॉलेजातल्या शिक्षकांनी, कॉलेजातच, तास संपल्यावर थांबून केलेलं होतं. जादा तास, सराव परीक्षा, पेपर तपासून चूक कुठे झाली ते पोराला बसवून सांगणं. त्यालाही घोकंपट्टीचा वास होता, मी त्याची आरती करत नाहीये. पण वर्ग जिवंत होता. क्लासनी त्यातली सराव परीक्षा उचलली, आणि थांबून सांगणारा शिक्षक तिथेच राहिला.

आणि त्या शिक्षकाचं काय झालं तेही बघा. विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर काम करणारे, आझाद मैदानात जाऊन बसणारे हेच लोक. मला फळ्यावरचं रीडिंग उतरवून घ्यायला सांगणारे सर वाईट नव्हते. दोन वर्षांत ते माझ्याशी बोलले ते तेवढंच एक वाक्य. शिकवायला वर्गच नसेल तर माणूस दुसरं काय देणार?

जागांचं गणित मी बदलू शकत नाही. २०२४ च्या नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा साधारण एक लाखाच्या वर थोड्याच. म्हणजे वीसेक लाख मुलं तशीही दुसरीकडे जाणार. माझा राग इथे आहे. त्या वीस लाखांना दोन वर्षांत काय मिळालं? मी त्यांच्यातलीच एक. माझ्याकडे १८० प्रश्न सोडवायचा वेग होता आणि ब्युरेट धरता येत नव्हती. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला एका बाईंनी मला बाजूला घेऊन नळी कशी फिरवायची, मेनिस्कस डोळ्यांच्या रेषेत कसा आणायचा, ते दाखवलं. तीन वेळा चुकले, तिन्ही वेळा त्या थांबल्या. आज एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये मी रोज टायट्रेशन करते. पोट त्यावर चालतं.

यंदा मामाच्या मुलाची दहावी झाली. अ‍ॅडमिशनला मीही सोबत गेले. क्लार्कने टाय-अपवाल्या दोन क्लासेसची पत्रकं पुढे सरकवली. मी म्हटलं, "आधी लॅब दाखवा."

"कशाला?"

"बघायचीय."

तो मामांकडे बघायला लागला. मामा खाली पत्रकाकडे. शेवटी तो म्हणाला, "किल्ली शिपायाकडं असते मॅडम, आज तो रजेवर आहे."

सोमवारी परत जाणार आहे.