जग वाचवू नका, पाणवठा वाचवा

रविवारी दुपारी माझ्या खोलीत चार पोरं फासे, पेन्सिली आणि चिवड्याचा डबा घेऊन बसतात. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गेल्या रविवारी मोहीम चालवायची पाळी त्यांच्यातल्या एकाची होती. त्याने झोकात जाहीर केलं, "अंकल, इस बार पूरा ब्रह्मांड दाँव पर है."

मी म्हटलं, मग मी झोपतो. ते वाचणार हे मला आत्ताच कळलंय.

पोरगं हिरमुसलं. पण मी गंमत करत नव्हतो. कल्पनारम्य भूमिका-खेळांना लागलेली ही कीड आहे आणि ती ठेचायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पण लावणे म्हणजे हरण्याची तयारी ठेवणे. गाव हरलं तर पुढच्या रविवारी त्या गावाचे निर्वासित घेऊन खेळ पुढे जातो. पूल पडला तर लांबचा रस्ता धरावा लागतो. पण ब्रह्मांड हरलं तर पुढचा रविवारच नाही. म्हणून खेळ चालवणारा ते हरू देत नाही. फासे वाईट पडले की ऐन वेळी कुठून तरी गरुड येतात, देव येतात, तलवार चमकते. जे हरताच येत नाही ते पणाला लागलेलंच नसतं. सगळ्यात मोठा म्हणून मिरवलेला पण प्रत्यक्षात खोट्या नाण्यांचा असतो.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. मागच्या मोहिमेत याच पोरांनी एक वस्ती जाळली. आत म्हातारीकोतारी होती. का जाळली? "नाहीतर जग संपलं असतं." टेबलावर वादच झाला नाही, दोन मिनिटांत निर्णय. जग एका पारड्यात टाकलं की दुसऱ्या पारड्यात काहीही टाका, ते हलकंच ठरतं. मग निवड उरत नाही, नुसता हिशेब उरतो, आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. गणवेशातल्या माणसाने या हिशेबाला घाबरलं पाहिजे. मी घाबरतो.

गंमत अशी की या खेळाचं मूळ लहान पणातच आहे. १८२४मध्ये प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. आपण सँड मॉडेलभोवती उभे राहून जे करतो, त्याचं ते खापरपणजोबा. पुढे १९६९मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली याने 'ब्राउनस्टाइन' नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ मांडला आणि खेळाडूंना पलटणींऐवजी एकेक माणूस दिला: नगराध्यक्ष, बँकर असे. खेळाडूंना लढाईपेक्षा गावातली कारस्थानंच जास्त आवडली. त्या टेबलावर डेव्ह आर्नेसन होता. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने १९७४मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणलं. म्हणजे सैन्य सोडून माणूस हातात घेतला, तेव्हा हा खेळ जन्मला.

आपल्याकडे तर हे सांगावंही लागू नये. कृष्णशिष्टाई कशासाठी होती? पाच गावांसाठी. सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही, असं दुर्योधन म्हणाला आणि अठरा अक्षौहिणी सैन्य कुरुक्षेत्रावर उभं राहिलं. रायगडाच्या हिरकणीला स्वराज्य वाचवायचं नव्हतं. घरी तान्हं होतं आणि दरवाजे बंद झाले होते. तेवढ्यावर ती कडा उतरली आणि आजही आपण तिचं नाव घेतो.

कुणी म्हणेल, बाजीप्रभूंच्या पाठीशी तर महाराजांचा जीव होता, तो पण लहान कसा? नव्हताच लहान. पण १६६०च्या त्या रात्रीनंतर त्यांच्यापुढचं काम नेमकं होतं: विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत घोडखिंड धरायची. मोठं मागे असू द्या, समोर मात्र मोजता येईल एवढंच ठेवा. चौकीवरच्या जवानाला कुणी 'देश वाचव' असा हुकूम देत नाही. 'पहाटेपर्यंत ही धार सोडायची नाही' असा देतात.

दुसरा आक्षेप रास्त आहे: पात्रं बलाढ्य झाल्यावर त्यांना काय तळघरातले उंदीर मारायला लावायचे? नाही. खेळाच्या २०१४च्या नियमपुस्तकातच चढण दिलेली आहे. पहिल्या चार पातळ्यांत गावं आणि शेतवाड्या, मग शहरं आणि राज्यं, मग खंड, आणि सतराव्या पातळीपासून जगाचं भवितव्य. जरूर चढा. पण पायऱ्या गाळून थेट गच्चीवर उडी मारू नका. ज्याने एक पाणवठा गमावलाय, त्यालाच राज्य गमावणं म्हणजे काय ते कळतं.

मी राहतो तो रस्ता पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून बाजूला करणाऱ्या माणसाच्या नावाचा आहे. याच कोपर्निकस मार्गावर कमानी सभागृह आहे. अशा रंगमंचांवर एका घराच्या वाटणीवर अख्खा प्रयोग उभा राहतो आणि कुणी उठून जात नाही. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त पणाला काय आहे? एक पडका वाडा आणि त्यातली माणसं. पुरतं.

तर त्या दुपारी शेवटी ब्रह्मांड बाजूला ठेवलं. मी एक नदी, एक नाव आणि एक नावाडी दिला. पूर चढतोय, नावेत सहाच जण मावतात, काठावर नऊ आहेत. पोरं पाऊण तास भांडली. फासा वाईट पडला. नावाडी बुडाला. मी गरुड पाठवले नाहीत.

जाताना ब्रह्मांडवाला पोरगा दारात थांबला आणि विचारलं, "अंकल, त्याच्या घरी कोण होतं?"

पुढच्या रविवारी तेच खेळायचं ठरलंय.